डाव्या स्क्रीनवरून गोळ्या येतात

४ मार्च

भाचीबाई,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी तक्रार ऐक. फोनवर तू "हो हो मामा" म्हणतेस आणि फोन ठेवला की विसरतेस. कागद टेबलावर पडून राहतो आणि डोळ्यांत खुपतो, म्हणून कागद.

तुझं पार्सल पोचलं. दवाखान्यातून आल्यावर मामाला घरात करमावं म्हणून कंपनीतला जुना कॉम्प्युटर, तीन मॉनिटर आणि तुम्हीच बनवलेला तो गोळीबाराचा गेम पाठवलास, हे मी सगळ्या बिल्डिंगला सांगून आलो. एक गोष्ट तेवढी सांगितली नाही. मॉनिटर दोनच आलेत. मामी म्हणते तीन आहेत. तुझी मामी तीस वर्षं थिएटरच्या खिडकीत तिकिटं विकायची, तिला तीनपर्यंत मोजता येतं असा माझा आजवर समज होता.

गेम कळला. बंद पडलेल्या कारखान्यात बंदूक घेऊन शिरायचं आणि करड्या कोटवाल्यांनी आपल्याला मारायच्या आत आपण त्यांना मारायचं. हे कोटवाले म्हणजे माझ्यासारखीच आपापल्या घरी बसलेली माणसं, असं तू म्हणालीस. असतील. मी दिवसाला साठेक वेळा मरतो. मरायला माझी हरकत नाही, पण मारणारा दिसायला नको का? हवेतून गोळी येते आणि मी आडवा. चाळीस वर्षं मी प्रोजेक्टर चालवला. रुंद सिनेमा आला की पडद्याच्या दोन्ही कडांचे काळे पडदे मी जातीने सरकवायचो, आणि माझ्या हातून चित्राची कड बोटभरसुद्धा चुकली नाही. तुमचं चित्र एका बाजूला कापल्यासारखं संपतं. तुमच्याकडे कडेला बघायला कोणी ठेवलंय की नाही?

दुसरं म्हणजे मामी ताटात अर्धंच वाढते. डॉक्टरीणबाईंनी काहीतरी कानात सांगितलेलं दिसतंय. आता आशीर्वाद.

मामा

(त्याच कागदाच्या डाव्या अर्ध्यावर, मामीच्या अक्षरात)

मॉनिटर तीन आहेत आणि तिन्ही चालू आहेत. हे हट्टाला पेटलेत, तू मनावर घेऊ नकोस. ह्यांनी अर्धा कागद कोरा सोडलाय म्हणून त्यातच लिहिते. पाकीट बंद करण्याआधी हे पत्र पुन्हा एकदा वाचतील, पण काळजी नाही.

१२ मार्च

प्रिय मामा,

तुझी तक्रार आमच्या रजिस्टरात रीतसर नोंदवली. आमचा विभाग म्हणजे झेरॉक्स मशीनच्या शेजारचं एक टेबल आणि दोन माणसं. एक मी आणि दुसरे चौकोनराव. खरं नाव वेगळं आहे, पण चित्र चौकोनीच असावं, त्याहून रुंद असलं तर तो माज, असं त्यांचं ठाम मत असल्यामुळे सगळे त्यांना चौकोनरावच म्हणतात. आमचा गेम मोठ्या, रुंद, दोन-दोन तीन-तीन स्क्रीनवर नीट पसरतो की नाही हे बघणं आमचं काम. आणि तुला गंमत सांगते, तीन स्क्रीन लावून खेळणारं गिऱ्हाईक आमच्या रजिस्टरात एकच आहे, आणि ते तू आहेस. त्यामुळे तू म्हणशील ते सगळ्या जगाचं म्हणणं म्हणून मी मीटिंगमध्ये मांडते.

आता उपाय. सेटिंगमध्ये जाऊन दृष्टीचा कोन वाढवून बघ. मग वायर काढून परत घाल. एवढं करूनही डावी स्क्रीन दिसत नसेल तर ती बिघडलेली असणार. सरळ काढून टाक आणि मला परत पाठव. दोनवर मजेत खेळ, नुसती अडगळ कशाला?

अर्ध्या कागदावर लिहायची तुझी युक्ती कळली हं. कागदाचाही काळा पडदा सरकवलास. चौकोनरावांना दाखवलं तर ते पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसले.

मामीला सांग, "पण काळजी नाही" म्हणजे काय ते मला कळलं नाही.

तुझी भाची

२० मार्च

भाचीबाई,

परत पाठव म्हणतेस, पण परत पाठवायला आधी ती यायला नको का? मी मामीला म्हटलं, घे, तूच शोध आणि तूच बांध. तर तिने तुझं पत्र माझ्या हातातून ओढून घेतलं.

मामीचं मला काही ठीक दिसत नाही. तुला म्हणून सांगतो. हल्ली ती घरात रेनकोट घालून दाराजवळच्या खुंटीपाशी उभी असते. मी काही विचारलं की तिचा आवाज व्यवस्थित येतो, पण जागची हलत नाही आणि तोंड दाखवत नाही. काल मी तिच्याशी तासभर बोललो. थिएटर कसं बंद पडलं, शेवटच्या शोला नऊ माणसं होती, सगळं आठवून आठवून सांगितलं. ती नुसती उभी. आपलं काही चुकलं असेल तर बायकोने सांगावं. असा अबोला धरून रेनकोटात उभं राहायचं म्हणजे काय? पाऊस तरी आहे का?

आजचे मृत्यू बहात्तर.

मामा

(डाव्या अर्ध्यावर, मामी)

मॉनिटर काढायचा नाही. हात लावायचा नाही. आता तुला सांगावंच लागतंय.

फेब्रुवारीत ह्यांना नुसती चक्कर आली नव्हती. मेंदूत उजव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली होती. हातपाय वाचले, बोलणं वाचलं, डोळेसुद्धा शाबूत आहेत. पण डावीकडचं जग ह्यांच्या मेंदूने सोडून दिलंय. दिसत नाही असं नाही, डावीकडे काही असतं हेच ह्यांच्या गावी नाही. दाढी उजव्या गालाची करतात. ताटातलं उजवीकडचं जेवतात, मी ताट फिरवलं की म्हणतात, आणखी वाढलंस वाटतं. मी डावीकडून बोलले की उजवीकडच्या भिंतीला उत्तर देतात, आणि तिथे खुंटीवर माझा रेनकोट आहे. घरी आल्यापासून तीन आठवडे ह्यांचा संसार त्या रेनकोटाशी चाललाय. माझ्याशी बोलले नाहीत इतकं त्याच्याशी बोलतात. मी हा अर्धा कागदही त्यांच्या नाकासमोर लिहिते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डावीकडे बघा असं सांगून उपयोग नाही, त्यांना स्वतःला गरज वाटली पाहिजे. पहिल्या सहा महिन्यांत जेवढं परत येईल तेवढं खरं, पुढचं सांगता येत नाही. आणि तुम्ही मुद्दाम डावीकडेच बसा, दया येऊन उजवीकडे जाऊ नका. म्हणून मी दिवसभर डाव्या स्क्रीनजवळ खुर्ची टाकून विणत बसते. दुसरं काहीही केलं तरी हे मान वळवत नाहीत. पण गोळी तिकडून आली की खांदा जरासा हलतो. कोण मारतंय ते बघायची इच्छा होते एवढं मला दिसतं. तुझ्या त्या स्क्रीनवर माझी सगळी भिस्त आहे.

तुझी नोकरी नवी, तू सगळं टाकून धावत येशील, म्हणून लपवलं. राग मान्य आहे.

अजून एक विचारायचं होतं. गेम सुरू होताना छोटासा सिनेमा लागतो, ट्रक येतो वगैरे. तेव्हा माझ्या स्क्रीनच्या अगदी कडेला एक शिपाई दोन्ही हात पसरून उभा असतो. डोळ्याची पापणी हलत नाही. तो कोण?

३० मार्च

(उजवा अर्धा)

प्रिय मामा,

मॉनिटरचं राहू दे. मी चुकीचा उपाय सांगितला. जसं आहे तसंच ठेव आणि रोज खेळ, अगदी ऑफिसला गेल्यासारखा.

माझं एक काम आहे. आमच्या मोठ्या बाईंकडे काही खेळाडूंनी तक्रार केलीय की रुंद स्क्रीनवाल्यांना जास्त दिसतं, हा अन्याय आहे. बाईंचा विचार आहे की सगळ्यांच्याच चित्राच्या दोन्ही कडांना काळ्या पट्ट्या मारायच्या, म्हणजे तीन स्क्रीन असल्या तरी मधलीच चालेल. पट्ट्या मारल्या की आमच्या टेबलाचंही काम संपलं. तुला तीन स्क्रीनचा काय फायदा झाला, याचं खरं खरं निवेदन लिहून दे. मी ते वाचून दाखवणार आहे.

तुझी भाची

(डावा अर्धा)

मामी, हा भाग तुझा. तुझी जागा मीही वापरते, म्हणजे मामाने पत्र हातात घेतलं तरी चिंता नाही.

तुझं पत्र वाचून मी उठले. झेरॉक्स मशीनच्या मागे जाऊन रडले. चौकोनरावांनी काय बंद पडलं म्हणून विचारलं, मी म्हटलं माझा मामा. त्यांनी मशीन चालू केलं, म्हणजे माझा आवाज बाहेर जाऊ नये. चाळीस कोरी पानं निघाली. मी मामाला अडगळ काढून टाक म्हणून लिहिलं, याची मला फार लाज वाटते. आणि राग आहेच, तो भेटीत काढीन.

या पट्ट्या मी येऊ देणार नाही. सहा महिने म्हणजे ऑगस्टचा मध्य. तोपर्यंत मी खिंड लढवते.

तो शिपाई. मामी, नेहमीच्या स्क्रीनवर जेवढं दिसतं तेवढ्याच माणसांना आम्ही हालचाल देतो. चौकटीबाहेर जो उभा असतो त्याला आपली वेळ येईपर्यंत तसंच हात पसरून ठेवतात. कोणी बघतच नाही, मग मेहनत कशाला घ्यायची? तुला खटकत असेल तर मी काढून टाकते.

९ एप्रिल

मोठ्या बाईसाहेबांस,

मी निवृत्त प्रोजेक्टर ऑपरेटर, आपला गेम तीन स्क्रीनवर खेळतो. तीन हा आकडा माझ्या भाचीचा आणि बायकोचा आहे, मी त्याला जबाबदार नाही. आपण विचारलंत की मला काय फायदा झाला. गेल्या पाच आठवड्यांत मी दोन हजार चारशे सहा वेळा मेलो, हा फायदा झाला. मी चार जणांना मारलं. त्यातला एक पायरीवरून स्वतःच पडला, पण तेव्हा मी जवळ होतो.

ज्यांनी तक्रार केली त्यांना सांगा, मला कोणी येताना दिसत नाही. मी इतक्या वेळा मेलोय की समोरच्यांना माझी सवय झालीय. एक जण तर मला मारण्याआधी थोडं थांबतो. त्याच्या मनात काय असतं देव जाणे, पण माणूस सभ्य असावा.

काळ्या पट्ट्यांबद्दल दोन शब्द. मी आयुष्यभर पडद्याला काळ्या कडा लावल्या. त्या चित्र नीट दिसावं म्हणून लावायच्या असतात. कोणाला कमी दिसावं म्हणून मी कधी लावल्या नाहीत. एकदा मालकाने सांगितलं होतं, स्वस्त तिकीटवाल्यांना अर्धाच पडदा दाखव. मी ते काम केलं नाही, आणि आठवडाभर घरी बसलो.

कळावे, आपलं गिऱ्हाईक

(डाव्या अर्ध्यावर, मामी)

शिपायाला काढू नकोस. दिवसभर सोबतीला आम्ही दोघंच असतो. खिडकीत बसायचे तेव्हाही लोकांना माझा फक्त हात दिसायचा, त्यामुळे मला सवय आहे असं मला वाटत होतं. ती सवय नव्हती गं. तेव्हा संध्याकाळी खिडकी बंद केली की हे जिन्यावरून खाली यायचे, आणि मला बघून विचारायचे, आज किती?

२ मे

(उजवा अर्धा)

प्रिय मामा,

तुझं निवेदन मी मीटिंगमध्ये उभं राहून वाचलं. पायरीवरून पडलेल्या माणसापाशी मोठ्या बाईंना ठसका लागला. मग त्यांनी गेमच्या नोंदी मागवल्या. चौकोनरावांनी तुझे सगळे मृत्यू छापून आणले, ते टेबलावर मावेनात म्हणून जमिनीवर अंथरावे लागले. शंभरातले शहाण्णव डावीकडून. कोणीतरी म्हणालं, हा माणूस खरा असूच शकत नाही. मी म्हटलं, माझा मामा आहे.

शेवटी असं ठरलं की तीन स्क्रीनमुळे खेळाडूचं निव्वळ नुकसान होतं, सबब पट्ट्यांची गरज नाही. उलट गेमच्या खोक्यावर सूचना छापणार आहेत, की रुंद स्क्रीनवर खेळणं स्वतःच्या जबाबदारीवर. तू जिंकलास, मामा. असाच मरत राहा. म्हणजे गेममध्ये.

तुझी भाची

(डावा अर्धा)

मामी, तात्पुरता तरी जीव भांड्यात पडला. आता एकच अडचण आहे, आणि ती बोलायचीही भीती वाटते. तो बरा व्हायला लागला तर?

१८ जून

भाचीबाई,

काल मी एकाला मारलं. तुझ्या कंपनीने काहीतरी दुरुस्त केलेलं दिसतंय, कारण आधी जिथून नुसती गोळी यायची तिथून आता माणूस येतो. कुठून आला ते विचारू नकोस. काहीतरी सळसळलं, मी वळलो, आणि तो पडला. मी इतका दचकलो की मीही लगेच मेलो. पण आधी तो.

आज असे सहा झाले. त्यातला एक तो सभ्य माणूस होता. तो थांबला आणि मी थांबलो नाही, याचं वाईट वाटतंय. त्याचा पत्ता मिळेल का?

मामी अजून रेनकोटातच आहे. मी आता त्यावर बोलणं सोडून दिलंय. माणसाला हवं ते घालू द्यावं.

मामा

(डाव्या अर्ध्यावर, मामी)

हलणारं दिसायला लागलंय. थांबलेलं अजून नाही. पंखा दिसतो, पडदा उडाला की दिसतो. डॉक्टरीणबाईंनी टेबलावर थाप मारली. मला म्हणाल्या, तुम्हीही दिसाल, धीर धरा. मी काय पंख्यासारखी गरगर फिरू? एक दिवस तेही केलं. विणायच्या दोन्ही सुया हातात घेऊन खुर्चीतल्या खुर्चीत हात हलवले. हे म्हणाले, घरात पक्षी शिरलाय, खिडकी उघड. मग मी उठून खिडकी उघडली.

हसायचं की रडायचं ते ठरवता येत नव्हतं, तर दोन्ही केलं. मुलीसारखी आहेस म्हणून सांगते. मला बरं होणं वगैरे मोठं काही नको. ह्यांनी माझ्याकडे एकदा बघावं. बस.

१२ जुलै

(उजवा अर्धा)

प्रिय मामा,

आज ऑफिसात तुझ्याविरुद्ध तक्रार आली. जशीच्या तशी उतरवून काढते. "कारखान्याच्या नकाशावर एक म्हातारा खेळाडू आहे. तो गेले तीन महिने अतिशय विश्वासू होता. आता मी डावीकडून कितीही हळू गेलो तरी तो वळून मला मारतो. तो नक्की काहीतरी लबाडी करतोय. कृपया चौकशी करावी."

मामा, मी ती तक्रार हातात धरून अख्ख्या मजल्यावर पळाले. वाचून दाखवली. चौकोनरावांनी चष्मा काढून पुसला. आपल्या माणसाविरुद्ध तक्रार आली म्हणून पेढे वाटावेत, अशी माझी अवस्था होती, आणि त्या आनंदात ती मी मोठ्या बाईंच्या दारातसुद्धा वाचली. तिथेच माझी अक्कल शेण खायला गेली.

बाईंनी शांतपणे विचारलं, म्हणजे तीन स्क्रीनचा फायदा होतो तर?

तशा आणखी अकरा तक्रारी निघाल्या. सगळ्या तुझ्याविरुद्धच्या. ठरलं. एक ऑगस्टच्या अपडेटमध्ये दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या. तुझ्या एकट्यासाठी सवलत द्या म्हणून मी विनवण्या केल्या. बाई म्हणाल्या, सगळी तक्रार त्या एकट्याविरुद्धच आहे.

तुझी भाची

(डावा अर्धा)

मामी, मला माफ कर. मी खिंड लढवते म्हणाले आणि मीच दार उघडून दिलं. पट्ट्या मारायचं काम माझ्याकडेच आलंय. नाही म्हटलं तर चौकोनरावांकडे जाईल, ते माझ्यासाठी नाही म्हणायला तयार आहेत, मग तिसऱ्या कोणाकडे जाईल. काम टळत नाही. डॉक्टरीणबाईंचे सहा महिने भरायला पंधरा दिवस कमी पडतायत, आणि ते पंधरा दिवस माझ्या हाताने जाणार. तुझा शिपाईसुद्धा पट्टीखाली जाईल. मी खूप प्रयत्न केला गं.

३ ऑगस्ट

भाचीबाई,

तुमच्या अपडेटने घोटाळा केलाय. डावी स्क्रीन बंद पडली. उजवीसुद्धा पडलीय, पण तिचं मी लगेच ओळखलं, वायर हलवून बघितली, वायर ठीक होती. डावीचं कळायला थोडा वेळ लागला. आधी नुसतं चुकल्यासारखं वाटत होतं. कोणी येईना, काही सळसळेना. मग लक्षात आलं की तिकडे काहीच नाहीये. पट्ट्या तूच मारल्यास असं मामीने सांगितलं. काम स्वच्छ आहे. दोन्ही कडा सरळ, कुठे उजेड झिरपत नाही. ऑपरेटरच्या भाचीचं काम म्हणून शोभतं, पण ते करावं लागलं याचा मला राग आला आहे, आणि तो तुझ्यावर नाही. तू उगाच तोंड पाडून बसू नकोस. त्या बाईंना माझं नाव सांग आणि म्हणावं, मालकांचं ऐकून मी एकदाही पडदा झाकला नव्हता, पण तेव्हा माझ्या घरी मामीचाही पगार येत होता, भाचीचं तसं नाही.

कागदाच्या डाव्या बाजूला माझ्याबद्दल काय काय लिहिलेलं असायचं तेही आता कळलंय. तुझी जुनी पत्रं काढून वाचली. तुम्ही दोघी माझ्या डोळ्यांदेखत एवढं बोलत होता. यावर मी सावकाश रागावणार आहे, सध्या वेळ नाही.

मामीचं वेगळं पत्र सोबत आहे. मला दाखवत नाही. बाकी विशेष काही घडलं नाही.

मामा

३ ऑगस्ट

लाडके,

ह्यांनी सगळा कागद भरून टाकला, मला जागाच ठेवली नाही, म्हणून हा वेगळा. बाकी विशेष घडलं नाही असं लिहिलंय ना? मला न दाखवता पाकिटात घातलं, तरी मला माहीत आहे.

परवा सकाळी अंघोळ करून हे खेळायला बसले. कडेच्या दोन्ही स्क्रीन काळ्या. मी डावीकडे माझ्या खुर्चीत होते, विणत नव्हते, नुसती बसले होते. मनात म्हटलं, संपलं. आता ह्यांना तिकडे वळायला काही उरलं नाही. तुला खोटं सांगत नाही, त्या क्षणी मला तुझ्या मोठ्या बाईंचा आणि ह्यांचा आणि तुझाही राग आला होता.

हे खेळायला लागले आणि थोड्या वेळाने थांबले. उजवीकडची वायर बघितली. परत बसले. मग उगाच मान इकडे तिकडे करायला लागले, चष्मा शोधताना करतात तसं. पाच महिने जे नाहीच म्हणून माझ्याशी भांडत होते, ते खरोखर गेल्यावर ह्यांना त्याची आठवण झाली. उठले, टेबलाला धरून डाव्या टोकाला आले, खाली वाकून वायर ओढून बघितली, आणि वर बघितलं तर समोर मी.

मी हलले नाही. हात मांडीवर होते, तसेच ठेवले. श्वाससुद्धा रोखून धरला होता, म्हणजे मी हलले म्हणून दिसले असं नको व्हायला.

माझ्याकडे किती वेळ बघत होते मला सांगता येणार नाही. मग म्हणाले, "तू इथे कधीपासून बसलीयस?"

मी म्हटलं, "मार्चपासून."

त्यांचे डोळे भरून आले, दोन्ही. मीही रडले. एवढे दिवस एकटीने रडायची सवय झाली होती, समोर कोणी असताना कसं रडायचं तेच विसरले होते.

मग त्यांनी आपली खुर्ची ओढून आणली आणि माझ्याकडे तोंड करून बसले. माझे केस कधी कापले ते विचारलं. एप्रिलमध्ये, म्हटलं. चष्मा नवा आहे का विचारलं. मे महिन्यात घेतला, म्हटलं. एकेक करून सगळं विचारत होते आणि मी महिने सांगत होते. गेम तिकडे चालूच होता, त्यांच्या पाठीमागे. तेवढ्या वेळात हे तीनदा मेले, तिन्ही वेळा उजवीकडून. ह्यांना पत्ताच नव्हता.